पिचक्या सुरईचे ठिपके

भिवंडीतून कापडाच्या गाठी ट्रक भरभरून बाहेर जायच्या. गाठ म्हणजे पुष्कळसे तागे दाबून बांधलेले आणि वरून गोणपाट शिवलेलं. प्रत्येक गाठीवर व्यापाऱ्याचा मार्का काळ्या शाईत उठवलेला असे. कोणाचा दिवा, कोणाचा घोडा, कोणाचा नुसता त्रिकोण. लांबच्या बाजारात गाठी उतरवून घेणारे हमाल अक्षरं वाचत नसत, चित्र बघत. ते चित्र उठवायला जस्ताचा पत्रा लागे, चित्राच्या आकाराची भोकं कापलेला. पत्रा गाठीवर धरायचा, वरून शाईचा कुंचला फिरवायचा आणि पत्रा उचलायचा. ते पत्रे मी कापत असे. भिवंडीलगतच्या टेमघरला, आमच्या घराच्या पडवीत बसून पुष्कळ वर्षं कापले.

काम मला सासऱ्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. त्यांचा धंदा पत्र्याचा होता. नरसाळी, डबे, पाण्याच्या गळक्या टाक्यांना डाग देणं, आणि हे मार्के. त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पत्र्याच्या आवाजाने डोकं दुखे. म्हणून तो लूमवर कामाला लागला, जिथे माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. मामंजींचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी छिन्नी मला दिली. घरात दुसरं कोणी नव्हतं, एवढंच कारण.

छिन्नीची धार सरळ असते, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. वळण कापायचं असलं तरी घाव सरळच पडतो. एक घाव घालायचा, छिन्नी जराशी फिरवायची, दुसरा घाव घालायचा. घाव आखूड असले की डोळ्याला वळण दिसतं, लांब असले की कोपरे दिसतात. मामंजींचा नियम होता की वळण एका बैठकीत कापायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये उठायचं नाही. उठून परत बसलं की हात तोच राहत नाही, असं ते म्हणत.

हा नियम मी मोडला तो ऐंशी सालानंतर लवकरच. एका शेठचा मार्का सुरईचा होता. बारीक मान, खाली गोल पोट. जुना पत्रा झिजला म्हणून त्याने नवा सांगितला, आणि सांगितला तोही ट्रक भरायच्या दिवशी. मी डाव्या बाजूचं वळण मानेपासून सुरू केलं. मान संपून पोट सुरू होतं तिथे, खांद्याशी, पोचले आणि नळाला पाणी आलं. टेमघरला तेव्हा पाणी दिवसातून एकदाच येई, तेही बेभरवशाचं. छिन्नी ठेवली आणि हंडे घेऊन गेले. परत आले तर ऊन सरकलं होतं. पत्र्यावर माझीच सावली पडायला लागली म्हणून पत्रा फिरवला आणि बुडाकडून वर कापत आले. दोन्ही काप खांद्याशी भेटले, पण नीट भेटले नाहीत. तिथे खळगा पडला. कोणी ओली सुरई अंगठ्याने दाबावी तसा.

शेठने पत्रा उजेडाकडे धरला. "भाभी, ये क्या किया? सुराही पिचक गई."

"पत्राच असा आला," मी म्हटलं. "जस्त ही खराब है, शेठ."

खोटं बोलले. दुसरा पत्रा कापायला वेळ नव्हता आणि चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. "चलो, इस बार चला लेते हैं," म्हणून तो पत्रा घेऊन गेला.

दोन-तीन महिन्यांनी तो स्वतः पडवीत आला. त्याच बाजारात दुसऱ्या एका व्यापाऱ्याची सुरई होती, आणि आजवर हमाल दोघांच्या गाठी एकमेकांत मिसळत. या खेपेला मिसळल्या नव्हत्या. हमाल लांबून ओरडत, "पिचकी इधर, सीधी उधर." घेणारेसुद्धा पिचक्या सुरईचा माल मागायला लागले होते. शेठ म्हणाला, "भाभी, अब पिचकी ही चाहिए. हमेशा."

पुढचा पत्रा मी नियमाने, एका बैठकीत कापला आणि खळगा मुद्दाम काढला. शेठने तो परत केला. "ये तो बनाई हुई लगती है. वो वाली पिचकी हुई थी." मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. मुद्दाम काढलेल्या खळग्याच्या कडा गोल आल्या होत्या. मग मी पहिल्यासारखंच केलं. मानेकडून खांद्यापर्यंत कापलं, उठले, अंगणात जाऊन आले, पत्रा फिरवला आणि बुडाकडून वर आले. बरोबर पिचकली. तेव्हापासून सुरई दर वेळी अशीच कापली. नवऱ्याला याची गंमत वाटे.

"काय गो, सुरई कापताना मधीच उठून कुठं जातेस?"

"पाणी भरायला."

"आज नळाला पानी न्हाय."

"नसलं तरी जाते."

त्याला कारण ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. मुलीला तर त्या पत्र्यांत काहीच रस नव्हता. ती आवाज नको म्हणून शेजारच्या ओट्यावर जाऊन अभ्यास करी.

आम्हाला ही एकच मुलगी. गणितात हुशार होती, हे मला तिच्या मास्तरांनी सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकले, मला ते कळण्याचं कारण नव्हतं. कॉलेज झाल्यावर तिने कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स केला. नव्वद उलटून गेलं होतं. भिवंडीत एकाने माडीवर गाळा घेऊन दोन कॉम्प्युटर ठेवले आणि एक यंत्र आणलं. त्या यंत्राला पेनाच्या जागी बारीक पातं लावलं की ते जाड मेणकागद हव्या त्या आकारात कापायचं. लेबलं छापून द्यायची आणि मार्क्यांचे मेणकागद कापून द्यायचे, असा त्याचा बेत होता. आकार कॉम्प्युटरला कसा सांगायचा ते लिहायला त्याने माझ्या मुलीला ठेवलं, तीन महिने बोलीवर. जमलं तर कायम, नाही तर घरी.

तिला ते काम फार हवं होतं. तसं दुसरं दुकान भिवंडीत नव्हतं आणि रोज मुंबईला जायला तिचा बाप परवानगी देत नव्हता. तिच्या बरोबरीच्या मुली दापोड्याकडच्या गोडाउनांत मालाची चलनं लिहायला लागल्या होत्या. ती म्हणे, "आई, चलनं लिहायची तर मी एवढं शिकले कशाला?" मी म्हणे, "चलनं लिहिणाऱ्यांनाही जेवायला मिळतं."

तीन महिने संपायला एक आठवडा उरला असताना सुरईवाला शेठ तिच्या दुकानात गेला. त्याला आता सुरई तीन आकारांत हवी होती. गाठीवर मोठी, ताग्याच्या लेबलावर लहान आणि चिठ्ठीच्या कागदावर अगदी नखाएवढी. नखाएवढी सुरई छिन्नीने कापता येत नाही. हे त्याने मला पडवीत येऊन सांगितलं.

"भाभी, बुरा मत मानना. बड़ी वाली भी अब वहीं से निकलेगी."

"बुरा मानलं तर काम इथेच ठेवणार का?"

तो हसला. "लड़की आपकी है, ये मुझे वहाँ जाकर पता चला."

"म्हणजे काम घरातच राहिलं, असं म्हणायचंय तुम्हाला."

"मैंने कुछ नहीं कहा, भाभी."

त्याच्या पत्र्यांवर माझी निम्म्याहून जास्त कमाई होती. बाकीचे मार्के वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येत. शेठ पत्रे लवकर झिजवायचा, कारण त्याचा माल जास्त जायचा.

सोमवारी मुलीने पहिली सुरई कापून दाखवली. शेठने ती परत पाठवली. पिचकी नाही, ही दुसऱ्याची सुरई झाली, म्हणाला. मालकाने मुलीला सांगितलं, "मॅडम, हे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. शनिवारपर्यंत त्याने होय म्हटलं तर तुमचं कायम. नाही म्हटलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मंगळवारी ती बारीक चौकटींचा कागद घेऊन घरी आली आणि जमिनीवर पालथी पडून ठिपके काढायला लागली. सुरईच्या एका बाजूचे चार ठिपके होते. एक मानेच्या वर, एक बुडाशी, आणि दोन मध्येच कुठेतरी, सुरईच्या बाहेर. मी तांदूळ निवडत होते.

"हे दोन चुकले का?" मी विचारलं.

"नाही. ते तसेच असतात. रेषा पहिल्या ठिपक्यातून निघते आणि शेवटच्यात जाते. मधल्या दोघांतून जात नाही. ते तिला फक्त आपल्याकडे ओढतात."

"जायचंच नाही तर ठेवायचे कशाला?"

"ओढायला, आई."

"म्हणजे सासरच्या मोठ्या माणसांसारखे. राहतात गावाला, पण इथली चूल त्यांच्याकडे तोंड करून."

ती हसली. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

मग तिने मला समजावलं. मला समजावं म्हणून नव्हे, स्वतःला पुन्हा तपासायचं म्हणून. आकार लहान-मोठा करायचा तर सगळी रेषा लक्षात ठेवावी लागत नाही, हे चार ठिपके पुरतात. ठिपक्यांचे आकडे दुप्पट केले की सुरई दुप्पट, आकार तोच. हे मला पटलं. मी मोठ्या पत्र्यावरून लहान पत्रा कापला की दर वेळी दुसरंच काहीतरी होई.

"पण मधली रेषा कुठून जाते हे त्याला कसं कळतं?"

"रेषेच्या सुरुवातीला शून्य धरायचा, शेवटाला एक. मध्ये पाव, अर्धा, पाऊण. प्रत्येक जागी चारही ठिपक्यांचा हिस्सा ठरलेला असतो. अर्ध्यावर टोकाच्या दोघांना एक-एक अष्टमांश, मधल्या दोघांना तीन-तीन."

"म्हणजे दोन आणे, सहा आणे, सहा आणे, दोन आणे."

तिने मान वर केली. "आण्यात कुठे नेलंस?"

"सोळा झाले की नाही?"

"झाले."

"मग पावावर सांग."

"पावावर शून्य पॉइंट चार दोन..."

"ते नको. चौसष्टात सांग." मी शाळेत होते तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे असत आणि पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे पाठ असल्याशिवाय मास्तर घरी सोडत नसत. चौथीनंतर मला कोणी काही शिकवलं नाही, पण ते गेलेलं नाही.

तिने कागदाच्या कोपऱ्यात हिशेब केला. "सत्तावीस, सत्तावीस, नऊ, एक."

मी बेरीज केली. चौसष्ट.

"हा शेवटचा एक पैसा कोणाचा?"

"बुडाच्या ठिपक्याचा."

"आपण मानेजवळ आहोत आणि बुडाचा इथेही हिस्सा?"

"दोन टोकं सोडली तर सगळ्यांचा सगळीकडे हिस्सा असतो. कमी-जास्त, पण असतो. म्हणून तर रेषा अशी गुळगुळीत येते. कुठे खडा लागत नाही."

"आणि यंत्र हे वळण कापतं कसं? त्याचं पातं वाकडं आहे?"

"नाही. पाव, अर्धा असे खूप बारीक टप्पे घ्यायचे आणि एका टप्प्यापासून पुढच्यापर्यंत सरळ कापायचं. टप्पे बारीक असले की वळण दिसतं."

"म्हणजे मी करते तेच."

"हो," ती म्हणाली आणि परत कागदात गेली. तिने खांद्याशी नवा ठिपका काढला. "शेठचा खळगा इथे हवा. अजून एक ठिपका घालते आणि आत ओढते."

तेव्हाच मला कळलं की हे होणार नाही. सगळ्यांचा सगळीकडे हिस्सा असेल तर एकाच जागी दाबता येणार नाही. खांद्याला ओढलं की मानही थोडी हलणार आणि पोटही. शिवाय खळगा गोल येणार, बनवल्यासारखा. मी एका बैठकीत मुद्दाम कापलेला आला होता तसाच. सुरईची ती बाजू एक रेषा नव्हतीच. दोन रेषा होत्या, दोन बाजूंनी आलेल्या. हे सगळ्या भिवंडीत एकटीला मला ठाऊक होतं.

मी बोलले नाही. तांदळातले खडे काढत राहिले. तिला जमलं नाही तर शेठ परत माझ्याकडे येईल, मोठ्या सुरईपुरता तरी, हे माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं. कोणी विचारलं असतं तर त्या वेळीही हेच सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

बुधवारी पाच ठिपक्यांचे सहा झाले. गुरुवारी सात, मग आठ. ठिपका एक वाढला की सूत्रातला घात एकाने वाढतो, हे तिने बापाला सांगितलं. तो ड्युटीवरून येऊन पाय धूत होता.

"घात म्हंजी? कोनाचा घात?"

"बाबा, गणितातला. याला बहुपदी म्हणतात."

"मंग गनितातच ऱ्हाऊ दे. दोन दिस झाले, ताटातली भाजी तशीच हाय तुझी."

खांदा जरा आत आला की पोट फुगे. पोट सावरलं की मान एका बाजूला कले. ती कापून आणलेले मेणकागद भिंतीला लावून लांबून बघे. एक सुरई बदकासारखी दिसत होती, एकीला गालगुंड झालं होतं. खळगा होता, पण मळलेल्या कणकेत बोट दाबल्यासारखा, उथळ आणि गोल. ती बघे, मी बघे. ती माझ्याकडे बघत नसे. माझ्याकडे याचं काही असेल हे तिच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

शुक्रवारी ती दिवस मावळायच्या आत घरी आली. नऊ ठिपके झाले होते. तिने कागद पसरला नाही. पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "दापोड्याला त्या मोठ्या गोडाउनमध्ये जागा आहे म्हणे. सोमवारी विचारून येते."

मी दिवा लावला. मग आत जाऊन पत्र्यांच्या ढिगातून सुरईचा जुना पत्रा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"खांद्याला बोट लाव," मी म्हटलं. "घाव मोजू नकोस, त्यांचं तोंड बघ. वरचे घाव कुठल्या बाजूने आलेत?"

तिने पत्रा उजेडाकडे धरला. घावाची सुरुवात खोल असते, शेवट उथळ. जवळून बघितलं तर कळतं.

"वरून खाली."

"आणि खालचे?"

तिला वेळ लागला. "खालून वर."

"ही एक रेषा नाही. दोन आहेत. मी इथवर आले आणि उठले. परत बसले ती बुडाकडून. तू एका घरात नऊ माणसं कोंबलीस, सगळ्यांना सगळ्यात हिस्सा दिलास आणि म्हणतेस एकाच खोलीची भिंत वाकडी कर. कशी होईल? वाटणी कर. दोन चुली मांड."

ती पत्र्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली आणि कागद आणला. खांद्यावर एक ठिपका काढला. वरच्या रेषेचा तो शेवट आणि खालच्या रेषेची तीच सुरुवात. वरच्या रेषेला दोन ओढणारे ठिपके, खालच्या रेषेला दोन. सगळे मिळून सात झाले.

"सांध्याच्या अलीकडचा ओढणारा, सांधा आणि पलीकडचा ओढणारा, हे तिघे एका सरळ रेषेत असले तर सांधा दिसत नाही," ती स्वतःशीच बोलत होती. "मला वर्गात हेच शिकवलं. तिघे एका रेषेत ठेवा. नेहमी ठेवा."

"मग ठेवू नकोस."

"नाहीच ठेवत." तिने खालचा ठिपका आत सरकवला. हाताने रेषा काढली. खांद्याशी कोपरा पडला आणि सुरई पिचकली. मान जागच्या जागी होती, पोटही.

तिने कागद भिंतीला धरून लांबून बघितला. मग म्हणाली, "आई, तुला हे कधी कळलं?"

"मंगळवारी. तू हिस्से सांगत होतीस तेव्हा."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

तिने पेन्सिल खाली ठेवली. कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

शनिवारी शेठने मला जुना पत्रा घेऊन दुकानात बोलावलं होतं, ताडून बघायला. माडीवरची खोली लहान होती आणि थंड. मुलगी पाठमोरी बसून बटणं दाबत होती. मी आले तरी वळली नाही. यंत्र सुरू झालं. पातं पुढेमागे जात होतं आणि खालचा मेणकागद त्याच्याबरोबर सरकत होता. खांद्याशी आलं तेव्हा ते थांबलं, उचललं गेलं आणि पुढच्या रेषेला लागलं. मोठी सुरई, मधली, मग नखाएवढी. माझ्या पत्र्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात तिन्ही कापून झाल्या आणि मालकाचा चहाही झाला.

शेठने मोठा मेणकागद गोणपाटाच्या तुकड्यावर ठेवून शाई फिरवली. शेजारी माझ्या पत्र्याने दुसरी सुरई उठवली. दोन्ही उलटसुलट करून बघितल्या. मग आपल्याबरोबर आणलेल्या हमालाला विचारलं, "बोल, कौन सी अपनी?"

"दोनों अपनी, शेठ. दोनों पिचकी हैं."

"बनाई हुई तो नहीं लगती?"

"बनाई हुई क्यों लगेगी?"

शेठने मालकाकडे बघून मान हलवली. मालक मुलीला म्हणाला, "मॅडम, सोमवारपासून साडेनऊला हजर राहायचं. आता दहा चालणार नाही." अशा रीतीने ती कायम झाली.

शेठने माझा पत्रा आपल्या पिशवीत टाकला. "ये मैं रखता हूँ भाभी, किसी के हाथ लग गया तो?" मी ठेवू दिला. जिना उतरताना तो म्हणाला, "उस दिन आपने कहा था, जस्त खराब है."

"जस्त चांगलं होतं," मी म्हटलं. "पाणी आलं होतं नळाला."

"मुझे मालूम था. आपका पल्लू तब भी गीला था."

रविवारी दुपारी नवरा लूमवर होता. आम्ही दोघी जेवायला बसलो. आठवड्यात पहिल्यांदा तिने भाजी मागून घेतली. जेवून हात धुतल्यावर तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"काम माझं जात होतं."

"मग शुक्रवारी का सांगितलंस?"

याचं उत्तर मी आधी ठरवलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला म्हणून, असं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण चेहरा बुधवारीही उतरलेला होता. "माझं काम आज ना उद्या जाणारच होतं," मी म्हटलं. "यंत्र आलंय, ते परत जाणार नाही. तुझं मात्र शनिवारी गेलं असतं. हे मी मंगळवारीच बघायला हवं होतं. शुक्रवारी बघितलं."

"तू दापोड्याचं ऐकलंस म्हणून सांगितलंस."

"तेही असेल."

"माझे तीन दिवस तू तांदूळ निवडत होतीस," ती म्हणाली.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि ताटं उचलली. त्या वेळी तिने माझंही ताट उचललं, मी नको म्हणायच्या आधीच.

त्या दुकानात ती लग्न झाल्यावरही कामाला होती. पुढे दुसऱ्या शहरात गेली आणि तिथेही हेच काम केलं, मोठ्या यंत्रांवर. माझ्याकडे बाकीचे मार्के काही वर्षं येत राहिले, मग तेही थांबले. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. डोळे तसेही कमी झाले होते. ती दर सणाला येते, दुखलं-खुपलं बघते, औषधं स्वतः आणते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण त्या शुक्रवारनंतर तिने कामाचा कागद माझ्यासमोर पसरला नाही. एकदा मी विचारलं की हल्ली किती ठिपके घालतेस. "लागतील तेवढे," ती म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.